बिब्ब्याचा डाग

तुळजाबाईच्या पत्राला नत्थूजींनी उत्तर दिलं नाही, त्याला आता पंधरा वर्षं होऊन गेली. पत्र मात्र त्यांनी जपून ठेवलं होतं. नागपुरातल्या हुडकेश्वरच्या घरात त्यांच्या पलंगाखाली पत्र्याची पेटी होती. पेटीत देवी रोगाच्या मोहिमेतलं जुनं चित्राचं कार्ड होतं, अंगभर फोड आलेल्या बाळाचं. घरोघर ते दाखवून, ‘असं कोणी आहे का’ म्हणून विचारायचं असे. त्या कार्डाखाली वहीतून फाडलेला, घडी पडून पडून मऊ झालेला एक कागद. पेटी वर्षातून एकदा, स्वेटर काढण्यापुरती उघडली जाई. त्या दिवशी नत्थूजींना जेवण जात नसे.

कागदावर मोठ्या, दाबून काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं :

‘डॉक्टरसाहेब, तुळजाबाईचा नमस्कार. तुम्ही आंगणात सगळ्या लोकायसमोर म्हणाले का म्या सोनिकाले बिब्बा लावला. म्या लावला नाही. कोणाचीही शप्पथ घाला, खाईन. सोनिकाचा भाऊ रविंद्र प्रणालीले आपल्या घरी घेऊन गेला. म्हणे, जे सुनेले जाळते ते नातीले काय पोसन. तुम्ही चांगलं आठवून पाहा. आठवलं त कागदावर लिहून द्या का बिब्बा नव्हता. तुमचा कागद तो मानन. पोरगी चार वर्षांची आहे, मले विसरून जाईन.’

नत्थूजी सोनकुसरे डॉक्टर नव्हते. ते आरोग्य खात्यातले साधे कर्मचारी. बाप नागपुरातच मागावर बसून लुगडी विणायचा आणि विणता विणता खोकून गेला. घराण्यात सरकारी नोकरी लागलेले नत्थूजी पहिलेच. लागले तेव्हा बावीस वर्षांचे होते. देवीचा शेवटचा रोगी शोधायची धामधूम चालू होती आणि हे बुजरं पोरगं हातात ते कार्ड घेऊन परक्या घरांच्या दारांत उभं राही. तोंडातून शब्द फुटत नसे, म्हणून नुसतं कार्ड पुढं करी. देवी गेली. मग नारू आला कामाला. विहिरींत औषध टाकत, पायातून निघणारा दोऱ्यासारखा किडा काडीला गुंडाळत काही वर्षं गेली आणि नारूही गेला. हिवतापाचे रक्तनमुने, कुष्ठरोगाचे चट्टे, पोलिओचे दोन थेंब. एकेक रोग मागं सरकताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला. लोक त्यांना डॉक्टर म्हणत. आधी ते दुरुस्त करत, ‘डॉक्टर नाही हो मी’; पुढं पुढं करेनासे झाले. ही गोष्ट त्यांना पुष्कळ वर्षांनी टोचू लागली.

वाचनाचा नाद त्यांना पहिल्यापासून. निवृत्तीनंतर त्यांनी एक पुस्तक लिहायला घेतलं होतं. नाव ठरलं होतं ‘गेलेले रोग’. सहा वह्या भरल्या, पण एकालाही दाखवल्या नाहीत. आपल्याला लिहिता येतं की नुसती माहिती उतरवता येते, हे त्यांना कधीच ठरवता आलं नाही.

असा हा माणूस. उभ्या आयुष्यात त्यांनी आवाज चढवला तो एकदाच.

ते उमरेड रस्त्यावरचं खापरडोह गाव, भादव्याचा महिना. निवृत्तीला पाच-सहा महिने उरले होते. तापाचे रोगी पाहत पाहत ते तुळजाबाईच्या अंगणात शिरले. एका कडेला शेळ्यांसाठी कापून आणलेल्या गवताचे भारे रचलेले होते. सामान ठेवायला जागा दिसेना म्हणून नत्थूजींनी आपली पिशवी त्या भाऱ्यांवरच ठेवली. आत खाटेवर तुळजाबाईची सून सोनिका, चोवीस वर्षांची. नऊ दिवसांचा ताप. डोळे लाल, बोलणं असंबद्ध. नत्थूजींनी आरोग्य केंद्राची जीप बोलावली. सोनिकाचा नवरा भूपेश आणि भाऊ रविंद्र, दोघांनी तिला उचललं. रविंद्र गावातलाच, तीन गल्ल्या पलीकडचा. उचलताना पदर सरकला आणि कमरेशी, परकराच्या नाडीच्या जरा वर, वाटाण्याएवढी काळी खपली दिसली. भोवती लाल कडं.

असे डाग त्यांनी शेकड्यानं पाहिले होते. बिब्बा तापवायचा, सुईच्या टोकानं त्याचं तेल दुखऱ्या जागेवर ठेवायचं, की कातडी काळी जळून निघते. पोट दुखलं लाव बिब्बा, कंबर धरली लाव बिब्बा. तान्ह्या पोरांच्या पोटांवर असे डाग पाहून नत्थूजींना रात्रीची झोप लागत नसे. पस्तीस वर्षं गावोगाव ते हेच सांगत आले होते आणि पस्तीस वर्षं बाया मान डोलवून पाठ वळताच चुलीकडं जात होत्या. ते सगळं त्या दिवशी वर आलं.

“बिब्बा लावला ना तुम्ही?” ते ओरडले. अंगणात जमलेली माणसं वळून पाहू लागली.

“नाही जी,” तुळजाबाई म्हणाली.

“खोटं बोलू नका. ताप आलेल्या पोरीला डागता? जाळून मारता का तिला?”

“नाही जी डॉक्टर, देवाशप्पथ—”

“मला शिकवू नका. जन्म गेला माझा हे डाग पाहण्यात.”

रविंद्रनं तुळजाबाईकडं पाहिलं. ते पाहणं नत्थूजींच्या ध्यानात राहिलं. सोनिका वाटेतच, मोठ्या दवाखान्याच्या अलीकडं गेली. मृत्यूचा फॉर्म नत्थूजींनी भरला. कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘घरगुती डागणीतून जंतुसंसर्ग’.

चार महिन्यांनी ते पत्र आलं. त्यांनी दोनदा वाचलं. नाही म्हणण्यात नवल नव्हतं. सगळेच नाही म्हणायचे. उत्तर काय द्यायचं? बाई, तुम्ही लावलाच असणार? एका दुःखी बाईला असं लिहिणं त्यांच्यानं होईना, म्हणून त्यांनी काहीच लिहिलं नाही. आपण दयाळूपणा केला, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

पुढची आठ वर्षं हा समज टिकला. मग दोन हजार अठराच्या पावसाळ्यात, सदर भागातल्या एका वाचनालयात वर्तमानपत्र उघडलं तर तापाच्या साथीची बातमी. स्क्रब टायफस. गवतात, झुडपात डोळ्यांना न दिसणारा बारीक किडा असतो, तो चावतो आणि आठ-दहा दिवसांनी ताप चढतो. बातमीशेजारी चावल्याच्या जागेचा फोटो होता. वाटाण्याएवढी काळी खपली, भोवती लाल कडं.

नत्थूजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग वाचनालयातली जाडजूड पुस्तकं काढून चार दिवस वाचत बसले. बिब्ब्याचा डाग आग करतो, फोड येतो, पाणी सुटतं. ही खपली दुखत नाही. कित्येकदा रोग्यालाही ती आहे हे ठाऊक नसतं. दुखतं का, एवढं सोनिकाला विचारायचं होतं. ती शुद्धीत नव्हती तर सासूला विचारायचं होतं. विचारलं नाही. रोग नवाही नव्हता. फार जुना होता, मधल्या काळात लोक त्याला विसरले होते. आणि त्याचं औषध म्हणजे डॉक्सीच्या साध्या कॅप्सूल. आरोग्य केंद्राच्या कपाटात, खालच्या फळीवर, त्यांचा खोका कायम असे.

नत्थूजींच्या लक्षात आलं की जन्मभर ते कार्डावर जे आहे तेवढंच शोधत आले. जे कार्डावर नाही ते समोर आलं, तेव्हा त्यांनी त्याला ओळखीचं नाव देऊन टाकलं.

आता तरी उत्तर लिहायला हवं होतं. लिहायला ते बसत. पण नऊ वर्षांपूर्वी क्षणभर पाहिलेल्या डागावरून आपण कोण रोग ठरवणारे? डॉक्टर थोडेच आहोत? आरोप करताना न आलेली ही नम्रता आता पानोपान येई आणि मसुदा फाडला जाई. मग करोना आला. दुसऱ्या लाटेत बायको सहा दिवसांत गेली. चेहराही नीट पाहता आला नाही. ‘गेलेले रोग’च्या वह्या त्यांनी गोणपाटात बांधून माळ्यावर टाकल्या. पत्र राहिलं ते राहिलंच. खरं कारण नम्रताही नव्हती आणि करोनाही नव्हता. लाज होती.

यंदा भादव्यात सून हर्षा तापानं पडली. मुलगा हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर, त्यामुळं दिवसभर घरात सासरा आणि सून दोघंच. डेंग्यूची तपासणी झाली, काही निघालं नाही. ताप पाचव्या दिवशीही उतरेना. नत्थूजी वऱ्हांड्यात बसून समोरच्या रिकाम्या प्लॉटकडं पाहत होते. कंबरभर गवत. आणि त्यांना आठवलं, पंधरवड्यापूर्वी गणपतीच्या दूर्वा आणि महालक्ष्म्यांचा आघाडा काढायला हर्षा त्या गवतात अर्धा तास फतकल मारून बसली होती.

पण सुनेला कसं विचारायचं? ते उठले, बसले, पुन्हा उठले. शेवटी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिलं, ‘हर्षा, आरशात काखेत व कमरेजवळ काळी खपली आहे का, ते पाहणे.’ चिटोरा चहाच्या कपाखाली ठेवून, कप तिच्या उशाशी सरकवून ते बाहेर आले.

थोड्या वेळानं आतून बारीक आवाज आला. “बाबूजी, एकाच घरात चिठ्ठी लिहून राहिले तुम्ही मले?”

नत्थूजींनी पेपर तोंडापुढं धरला.

“सरळ बोलायचं ना. मी काय खाऊन राहिली तुमाले?” ती भिंतीला धरून दारापर्यंत आली होती. “आहे जी. मागं, कमरेले. मले माहीतच नव्हतं. दुखत बी नाही.”

संध्याकाळी डॉक्टरांनी खपली पाहिली आणि कॅप्सूल लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी हर्षा उठून बसली आणि तिनं तर्री-पोहे मागितले. मुलगा सगळ्या आळीत सांगत सुटला की बाबूजींनी डॉक्टरच्या आधी ओळखलं. नत्थूजी पोह्यांची बशी हातात घेऊन तशीच धरून होते. दोन दिवसांत. इतकं सोपं होतं ते.

“तुमाले कसं कळलं, बाबूजी?” हर्षानं विचारलं.

त्यांनी बशी ठेवली, पेटी ओढली आणि तो कागद तिच्या हातात दिला. मग खाली मान घालून सगळं सांगितलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच.

हर्षानं पत्र दोनदा वाचलं आणि घडीवरच घडी घातली. “पोरगी एकोणीस-वीस वर्षांची झाली असन आता,” एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते उमरेडच्या बसमध्ये बसले.

खापरडोहात सिमेंटचा रस्ता झाला होता. तुळजाबाईचं घर तेच. ती अंगणात अंबाडीची पानं खुडत बसली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू. चेहरा तिला ओळखता आला नाही, पण आवाज ऐकताच पानं खुडणारा हात थांबला.

“ते डॉक्टर ना जी तुम्ही? बुढे झाले.”

“झालो.”

“बसा. च्या ठेवतो.”

“चहा नको. सांगायला आलो.” वाटभर जुळवलेली वाक्यं त्यांना आठवेनात. “सोनिकाला बिब्ब्याचा डाग नव्हता, तुळजाबाई. किडा चावला होता. गवतातला.”

“कायचा किडा?”

“बारीक असतो. डोळ्यांना दिसत नाही.”

“दिसत नाही, त तुमाले कसा दिसला?” ती दातपडक्या तोंडानं हसली. नत्थूजींनी आपल्या सुनेची गोष्ट सांगितली. दूर्वा, खपली, कॅप्सूल. तुळजाबाई नीट ऐकत होती. संपल्यावर तिनं पानांची टोपली बाजूला सारली.

“तुमची सून वाचली, बरं झालं,” ती म्हणाली. “पण सोनिकाले म्या लावला होता जी बिब्बा.”

नत्थूजींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“तुम्ही मला पत्र लिहिलं होतं. लावला नाही म्हणून.”

“ते तवाचं. तवा मले आठवत नोतं. मंग लोकायनं सांगून सांगून आठवलं.” ती चुलीकडं बोट करून सांगू लागली, कालचीच गोष्ट असल्यासारखी. “तठी बसून तापवला. सुईनं ठेवला. ते ‘माय वं’ म्हणाली. मले आयकू येते अजून.”

“तसं झालं नाही.”

“तुम्ही होते काय तवा?”

“नाही.”

“मंग.” तिनं पदरानं बरा डोळा पुसला. “तुम्ही शिकले सवरले. इतक्या लोकायसमोर म्हणाले त काय उगाच म्हणाले असन? आधी मले राग ये तुमचा. लय राग ये. आता नाही येत.”

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या वाजत होत्या. नत्थूजींनी प्रणालीचं विचारलं.

“मागच्या उन्हाळ्यात लगन झालं तिचं. भिवापुराकडं दिली. तीन गल्ल्या दूर वाढली, पण आली नाही कधी. नळावर दिसली का म्या लुगड्यानं तोंड झाको. पोरीनं भेवू नये म्हणून.” मग ती म्हणाली, “भूपेशनं दुसरी केली. तो बी नाही येत.”

“मी रविंद्रकडं जातो. आत्ताच जातो. त्याला सगळं सांगतो.”

“नोका जाऊ.”

“काहून?” नकळत त्यांच्या तोंडी बापाची बोली आली.

“बहीण मेली त कोणाचा तरी दोष पायजे ना जी माणसाले. माहा दोष काढला त त्याले झोप लागली. तुमच्या त्या न दिसणाऱ्या किड्याचा दोष काढून काय करन तो? आन पोरीले काय सांगन? का आजी फुकट गेली?” तिनं टोपली पुन्हा मांडीवर घेतली. “जा आता. ऑटो नाही भेटणार मंग.”

नत्थूजी उठले. रविंद्रच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, तिथं थांबले आणि परत वळले. पाय भित्रे की शहाणे, ते त्यांना तेव्हाही कळलं नाही.

ऑटोची वाट पाहायला ते धोंडबाच्या किराणा दुकानाशी उभे राहिले. गावचं टपाल त्या दुकानात टाकलेलं असे. पत्र आलं की धोंडबा चष्मा चढवून मोठ्यानं वाचून दाखवी. विम्याचं पत्र, बँकेचं पत्र, कुणाच्या तेरवीचं कार्ड. ज्याचं पत्र तो यायच्या आधीच बाकड्यावरच्या चौघांना मजकूर पाठ झालेला असे.

“तुमची बी आहे का एखादी चिठ्ठी?” धोंडबानं गमतीनं विचारलं.

“नाही,” नत्थूजी म्हणाले. “द्यायची राहिली आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोस्टात गेले. खिडकीतल्या मुलीनं साधं कार्ड शोधायला तीन खण उघडले. “आजोबा, पाकीट घ्या ना. कार्डावर सगळे वाचतात.”

“कार्डच द्या,” नत्थूजी म्हणाले.

या वेळी मसुदा केला नाही. वऱ्हांड्यात बसून थेट कार्डावर, धोंडबाला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात लिहिलं.

‘तुळजाबाई, तुमचं पत्र मिळालं होतं. उत्तराला पंधरा वर्षं उशीर केला. सोनिकाच्या कमरेवरचा डाग बिब्ब्याचा नव्हता, गवतातल्या किड्याच्या चाव्याचा होता. तुम्ही नाही म्हणाला ते खरं होतं. मी अंगणात बोललो ते खोटं ठरलं. औषध होतं, ते मी दिलं नाही. गवत कापणाऱ्या कोणाला ताप येऊन अंगावर न दुखणारी काळी खपली दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावी. नत्थू सोनकुसरे. मी डॉक्टर नव्हतो.’

पत्ता लिहिताना त्यांचा हात अडला. हे कार्ड तिच्यासाठीच होतं आणि तीच ते मानणार नव्हती. बाकड्यावरचे चार जण ऐकतील, दोन दिवस बोलतील. रविंद्रच्या कानावर जाईल, तो झोपेतून उठेल किंवा कूस बदलून पुन्हा झोपेल. भिवापुराकडं काही पोचेल असं त्यांना वाटेना. आणि ती म्हातारी चुलीकडं बोट दाखवून सांगत राहील, तठी बसून तापवला.

तरी त्यांनी पत्ता पुरा केला. खापरडोह, तालुका उमरेड, जिल्हा नागपूर.

टपालपेटी चौकाच्या कोपऱ्यावर, पडीक प्लॉटला टेकून होती. तिच्याभोवती गुडघाभर गवत माजलेलं. किती दिवसांत कोणी पेटी उघडली असेल कोण जाणे. नत्थूजी कडेला थांबले, पायजम्याची नाडी घट्ट आहे का ते चाचपलं, मग गवतात शिरले आणि कार्ड आत सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही. घरी येऊन त्यांनी कपडे उकळत्या पाण्यात टाकले, आणि आरशासमोर उभं राहून बराच वेळ स्वतःची कंबर पाहत राहिले.